वाचक विचारतात : हलकी स्कूटर आणि रोजचा शहरी प्रवास

प्रश्न : माझी उंची पाच फूट एक इंच आहे. सध्याची स्कूटर चालवताना जड वाटत नाही. परंतु कार्यालयाच्या वाहनतळातून ती मागे ढकलून काढताना आणि मेन स्टँडवर चढवताना माझी दमछाक होते. हलकी स्कूटर घेतल्यास हा त्रास खरोखर कमी होईल का?

उत्तर : होईल, आणि नेमका आपण सांगितलेल्या जागीच होईल. चाके फिरू लागली की वजन फारसे जाणवत नाही. ते जाणवते गाडी उभी असताना, उतारावर तोलताना आणि दोन गाड्यांच्या फटीतून बाहेर काढताना. शंभर-सव्वाशे सीसीच्या पेट्रोल स्कूटर साधारणपणे ९० ते ११५ किलोंच्या असतात. कागदावर दहा-पंधरा किलोंचा फरक किरकोळ दिसतो, पण गाडी एका बाजूला कलली आणि सारा भार एका पायावर आला की तोच फरक तिला सावरणे आणि तिच्यासह खाली जाणे यांतला ठरतो.

निवड करताना सीटच्या उंचीच्या आकड्यावर विसंबू नका, कारण सीट रुंद असली तर कमी उंचीवरही पाय पुरत नाहीत. इंजिन बंद ठेवून सीटवर बसा, पायांनी गाडी दहा पावले मागे ढकला आणि नंतर खाली उतरून तिला हाताने धरून लहान वर्तुळात फिरवा. ही पाच मिनिटांची परीक्षा चालवून पाहण्याइतकीच महत्त्वाची आहे, आणि बहुतेक जण नेमकी तीच टाळतात.

मेन स्टँडबद्दलही एक सांगतो. गाडी हातांनी उचलून मागे ओढल्याने पाठ भरून येते. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकले आहेत याची खात्री करा, उजवा पाय स्टँडच्या दांडीवर ठेवून अंगाचा पूर्ण भार त्यावर सोडा, आणि हातांनी गाडीला केवळ दिशा द्या. ती आपोआप वर येते. हे जमले तर कदाचित आपल्याला नवी गाडी घ्यावीही लागणार नाही.

जाता जाता, कोणालाही सहज चढता-उतरता यावे हा विचार स्कूटरच्या जन्मापासूनचा आहे. १९४६ साली आलेल्या व्हेस्पाचा आराखडा करणारे कोरादिनो दास्कानिओ हे विमानविद्येचे अभियंता होते. त्यांनी पाय ठेवायला मोकळी जागा सोडली, कपड्यांना तेल लागू नये म्हणून इंजिन झाकून टाकले, आणि पुढचे चाक एकाच बाजूने धरून ठेवल्यामुळे ते बदलणे सोपे केले.

प्रश्न : पावसाची पहिली सर आली असताना समोर कोणीतरी अचानक आल्याने मी ब्रेक दाबला आणि गाडी पायाखालून निसटली. वेग जेमतेम चाळीस होता. गाडी हलकी असल्यामुळे असे झाले का?

उत्तर : आपण सुखरूप आहात हे वाचून बरे वाटले. दोष वजनाचा नाही. सर सुरू झाल्यानंतरची पहिली काही मिनिटे सर्वांत घातक असतात, कारण रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ पाण्यात मिसळून त्यांचा निसरडा थर तयार होतो; तो वाहून जायला वेळ लागतो. पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे आणि ओला पालापाचोळा यांवर तर टायरला जवळजवळ पकडच मिळत नाही.

ताशी ४० किलोमीटरला गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते, म्हणजे धोका दिसून बोटे ब्रेकपर्यंत पोहोचेतोवरच एवढे अंतर संपते. हाच वेग ५० असता तर गाडी थांबवण्यासाठी जिरवावी लागणारी गतिज ऊर्जा दीडपटीहून अधिक झाली असती. म्हणून ओल्या रस्त्यावर ब्रेक करकचून दाबू नये. तो हळूहळू आवळत न्यावा, दोन्ही ब्रेक वापरावेत आणि शक्यतो गाडी सरळ उभी असतानाच वापरावेत. पुढच्या ब्रेकची भीती बाळगून केवळ मागचा दाबण्याची सवय अनेकांना असते. ती चुकीची आहे, कारण ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर सरकतो आणि मागचे चाक हलके होऊन घसरते. वळणाआधी वेग कमी करावा. कललेल्या गाडीला वळणातच ब्रेक लावणे म्हणजे टायरकडून एकाच वेळी दोन कामे मागणे होय.

लहान चाकांचा प्रश्न मात्र खरा आहे. दहा इंची रिमच्या चाकाचा टायरसकट व्यास सुमारे ४३ सेंटीमीटर भरतो, तर सतरा इंची मोटरसायकलच्या चाकाचा सुमारे ५९. वीस सेंटीमीटर रुंदीच्या भेगेत लहान चाक जवळपास अडीच सेंटीमीटर खाली उतरते, मोठे चाक पावणेदोनच्या आसपास. आणि पलीकडच्या कडेवर आदळणेही त्याच प्रमाणात कडक असते. खड्डा चुकवता येत नसेल तर त्याच्या आधीच ब्रेक लावावा आणि खड्ड्यात चाक जाताना तो सोडून द्यावा, म्हणजे पुढचा शॉकअप आधीच दबलेला राहत नाही.

आणि टायर तपासा. गाडीवरच्या चिठ्ठीवर किंवा पुस्तिकेत हवेचा दाब दिलेला असतो. अनेक हलक्या स्कूटरना पुढे २२ आणि मागे एकट्यासाठी २९ पीएसआयच्या आसपास सांगितलेला असतो. दाब टायर थंड असताना मोजावा. खाचांच्या तळाशी दिसणारे रबराचे छोटे उंचवटे टायरच्या पृष्ठभागाच्या पातळीला आले असतील तर, टायर कितीही धडका दिसत असला तरी, तो बदलावा.

प्रश्न : अॅव्हरेज घटले आहे आणि मूठ पिळली की इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही. इंजिन उघडावे लागेल का?

उत्तर : शक्यता कमी आहे. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये इंजिनची शक्ती रबरी पट्ट्यावाटे मागच्या चाकाकडे जाते, आणि पुढच्या पुलीतले छोटे रोलर वेगानुसार तिचा घेर बदलतात. पट्टा झिजून अरुंद झाला किंवा रोलर गोल राहण्याऐवजी एका बाजूने चपटे झाले की आपण वर्णन केलेलेच लक्षण दिसते. डावे झाकण उघडले तर आत काळी भुकटी पसरलेली दिसेल. ती पट्ट्याची झीज होय. बऱ्याच गाड्यांत पट्टा वीस ते चोवीस हजार किलोमीटरच्या सुमारास बदलायचा असतो, पण तो तुटेपर्यंत कोणी त्याच्याकडे पाहत नाही. गाडी निघतानाच थरथरत असेल तर क्लचचे शूही, म्हणजे क्लचमधले घासून पकड घेणारे भाग, तपासून घ्या.

त्याआधी एक सोपी चाचणी घरी करा. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवा. ते सहज फिरायला हवे. घासत, अडखळत थांबत असेल तर ब्रेक फार घट्ट केलेला आहे आणि आपले पेट्रोल त्यातच जाते आहे. एअर फिल्टर तेल लावलेला कागदी असेल तर तो हवा मारून साफ करू नये, बदलावा.

प्रश्न : मी रोज केवळ दोन किलोमीटर जातो. एवढ्याशा वापराला सर्व्हिसिंगची घाई कशाला?

उत्तर : उलट, थोडक्या अंतराचा प्रवास इंजिनाला अधिक जाचक असतो. ते पुरते तापत नाही, त्यामुळे आत जमलेली ओल आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये मिसळत राहते. बॅटरीही सेल्फ मारताना खर्च झालेली वीज भरून काढू शकत नाही. ऑइल किलोमीटरवर नव्हे तर महिन्यांवर बदला, आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग गाडी चालवा.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीला शाळेत सोडताना मी तिला पुढे फूटबोर्डवर उभी करतो, म्हणजे ती नजरेसमोर राहते. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही, आणि याबाबत मी आपल्याला स्पष्टपणे थांबवू इच्छितो. ब्रेक लागला की तिचा चेहरा थेट हँडलच्या पट्टीवर आणि आरशाच्या दांड्यावर जातो. तिला सावरून धरणारे पुढे काहीच नसते आणि मागून आपले वजन तिच्यावर येते. शिवाय वळताना हँडल तिच्या अंगाला अडते, आणि तिने घाबरून मूठ पकडली तर गाडी झेपावते. मागच्या सीटवर बसून तिचे पाय फूटरेस्टवर पूर्ण टेकत असतील आणि तिला आपल्याला घट्ट धरता येत असेल, तरच तिला मागे बसवा, आणि तिच्या डोक्याच्या मापाचे हेल्मेट घाला. मोठ्यांचे हेल्मेट पट्टा ओढून बसवले तरी ते डोक्यावर फिरते. तिचे पाय अजून पुरत नसतील तर काही काळ ती चालत किंवा बसने शाळेत जाऊ दे.