‘रग्बी लीग’मधली लीग साखळीची नाही

प्रश्न असा आहे: ‘रग्बी लीग विश्वचषक’ याचे मराठी ‘रग्बी साखळी विश्वचषक’ असे करावे का? लीग म्हणजे साखळी हे आपल्याकडे रुळलेच आहे. शिवाय या स्पर्धेतल्या देशादेशांमधल्या सामन्यांना ‘टेस्ट’ म्हटलेले दिसते, तर तिथे ‘कसोटी’ लिहावे का?

पहिल्याचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. दुसऱ्याचेही बहुतेक वेळा ‘नाही’च, पण त्याचे कारण वेगळे आहे. ते पुढे येईल.

मराठीत ‘लीग’ हा शब्द निदान तीन अर्थांनी वावरतो. एक म्हणजे साखळी, ज्यात गटातला प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशी खेळतो आणि गुणतक्ता बनतो. दुसरा अर्थ अलीकडचा: एखादी व्यावसायिक स्पर्धाच. प्रो कबड्डी लीगमध्ये शेवटी बाद फेरीचे सामने असतात, तरी सगळ्या स्पर्धेला आपण लीगच म्हणतो. तिसरा अर्थ या दोन्हींपेक्षा जुना आहे. होमरूल लीग, मुस्लिम लीग या नावांतली लीग म्हणजे संघटना. ‘लीग ऑफ नेशन्स’चे मराठी आपण ‘राष्ट्रसंघ’ असे केले, ‘राष्ट्रसाखळी’ कोणी केले नाही. ‘रग्बी लीग’चे मूळ या तिसऱ्या अर्थात आहे, आणि तिथून ते चौथ्याच ठिकाणी पोहोचले आहे: ते एका खेळाचे नाव झाले आहे.

हा प्रवास नीट पाहिला की शंका उरत नाही. २९ ऑगस्ट १८९५ रोजी इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या रग्बी क्लबांची बैठक झाली. खाणीत आणि गिरण्यांत काम करणाऱ्या खेळाडूंचा सामन्यापायी खाडा व्हायचा, मजुरी बुडायची. ती भरून द्यावी अशी या क्लबांची मागणी होती आणि हौशीपणाचा आग्रह धरणाऱ्या रग्बी फुटबॉल युनियनला ती मान्य नव्हती. क्लब बाहेर पडले, त्यांनी नवी संघटना काढली आणि बुडालेल्या दिवसाची भरपाई सहा शिलिंगांपर्यंत देण्याची मुभा ठेवली. त्या संघटनेचे नाव मात्र ‘नॉर्दर्न रग्बी फुटबॉल युनियन’. म्हणजे आज ज्याला रग्बी लीग म्हणतात तो खेळ इंग्लंडमध्ये आधी ‘युनियन’च्याच नावाखाली वाढला. १८९७ साली सीमारेषेबाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकण्याची पद्धत बंद झाली. १९०६ साली खेळाडू पंधराचे तेरा झाले. खेळ वेगळा झाला, नाव तेच राहिले.

‘लीग’ हा शब्द आला ऑस्ट्रेलियाकडून. सिडनीत १९०७ साली ‘न्यू साउथ वेल्स रग्बी फुटबॉल लीग’ स्थापन झाली. इथली लीग म्हणजे मंडळ, संघटना. इंग्लंडमधल्या संघटनेने १९२२ साली तोच शब्द उचलला आणि ती ‘रग्बी फुटबॉल लीग’ झाली. पुढे संघटनेचे नाव तिच्या खेळाला चिकटले, आणि विरुद्ध बाजूच्या खेळालाही तसेच ‘रग्बी युनियन’ म्हणू लागले. शाळेतल्या व्याकरणात शब्दशक्ती शिकताना ‘पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली’ हे वाक्य येते. बांगडी म्हणजे तिथे वीर. ही लक्षणा. ‘रग्बी लीग’ हीदेखील लक्षणाच आहे: संघटनेच्या नावाने खेळ ओळखणे.

आता भाषांतराचा आग्रह धरला तर काय होते पाहा. या नावातली ‘लीग’ म्हणजे संघ, आणि ‘युनियन’ म्हणजेही संघच. दोन वेगळ्या खेळांना मराठीत एकच नाव पडेल. वर ‘संघ’ हा शब्द आपण खेळणाऱ्या चमूलाही वापरतो. ‘रग्बी संघ विश्वचषकात न्यूझीलंडचा संघ’ या वाक्यातून वाचकाच्या हाती काहीच लागणार नाही. म्हणून नाव भाषांतरित करू नये, जसेच्या तसे ठेवावे.

‘साखळी’ शब्द इथे न वापरण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. हा शब्द याच स्पर्धेत त्याच्या खऱ्या कामासाठी लागतो. पहिला रग्बी लीग विश्वचषक १९५४ साली फ्रान्समध्ये झाला. ग्रेट ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड असे चारच संघ होते. साखळी सामन्यांनंतर पॅरिसच्या पार्क दे प्रँसवर ग्रेट ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात निर्णायक सामना झाला आणि ब्रिटनने तो १६–१२ असा जिंकला. १९५७ (ऑस्ट्रेलिया) आणि १९६० (इंग्लंड) या वर्षी मात्र अंतिम सामनाच नव्हता. चौघे एकमेकांशी खेळले आणि गुणतक्त्यात वर असणारा विजेता ठरला. १९५७ साली ऑस्ट्रेलिया, १९६० साली ग्रेट ब्रिटन. १९७५ सालीही विजेता तक्त्यावरूनच ठरला. या तीन स्पर्धांबद्दल ‘हा विश्वचषक निव्वळ साखळी पद्धतीने झाला’ असे लिहावे लागते, तेव्हा ‘साखळी’ शब्द मोकळा असायला हवा. १९७२ सालच्या लियॉंमधल्या अंतिम सामन्याचे तर सगळे नाट्यच या शब्दावर उभे आहे: जादा वेळ खेळूनही ग्रेट ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया १०–१० बरोबरीत राहिले, आणि साखळीतली कामगिरी सरस म्हणून चषक ब्रिटनला मिळाला. स्पर्धेच्या नावातच साखळी घुसवली तर हे वाक्य कसे लिहिणार?

उलट चूकही सर्रास होते: ‘लीग’ हा शब्द अनावश्यक समजून गाळला जातो आणि उरतो ‘रग्बी विश्वचषक’. ही केवळ भाषेची चूक राहत नाही, माहितीच चुकते. नुसते ‘रग्बी विश्वचषक’ म्हटले की जगात सगळीकडे पंधरा जणांच्या रग्बी युनियनची, १९८७ साली सुरू झालेली स्पर्धा समजतात. ती दक्षिण आफ्रिकेने चार वेळा जिंकली आहे, ऑस्ट्रेलियाने दोन वेळा. रग्बी लीगचा विश्वचषक तिच्याहून ३३ वर्षांनी जुना आहे, त्याच्या २०२१पर्यंतच्या १६ स्पर्धांपैकी १२ ऑस्ट्रेलियाने जिंकल्या, तीन ग्रेट ब्रिटनने आणि एक, २००८ची, न्यूझीलंडने. ‘ऑस्ट्रेलियाने १२ वेळा रग्बी विश्वचषक जिंकला’ हे वाक्य वाचणारा गोंधळेल किंवा, त्याहून वाईट, त्यावर विश्वास ठेवील.

हातात आलेला मजकूर कोणत्या खेळाचा आहे हे मुळातच स्पष्ट नसेल, तर दोन खुणा तपासाव्यात. पहिली खूण संघांची टोपणनावे. ऑस्ट्रेलियाचा लीगचा संघ ‘कांगारूज’, युनियनचा ‘वॉलबीज’. न्यूझीलंडचा लीगचा ‘किवीज’, युनियनचा ‘ऑल ब्लॅक्स’. ‘कुमुल्स’ दिसले तर तो पापुआ न्यू गिनीचा लीगचा संघ. कुमुल म्हणजे तिथल्या टोक पिसिन भाषेत स्वर्गीय पक्षी. ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीग संघाला ‘वॉलबीज’ लिहिणे म्हणजे एका खेळाचा संघ दुसऱ्या खेळात उतरवणे.

दुसरी खूण गुणांची. लीगमध्ये ट्रायला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याला, ४ गुण (१९८३च्या आधी ३), त्यानंतरच्या यशस्वी किकला २, पेनल्टी किकला २. युनियनमध्ये हेच अनुक्रमे ५, २ आणि ३. म्हणून लीगच्या निकालांत ६च्या पटी पुन्हा पुन्हा दिसतात. २०१७च्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला ६–० हरवले, म्हणजे सबंध सामन्यात एक ट्राय आणि त्यावरची एक किक. युनियनमध्ये तोच निकाल ७–० असता.

‘ट्राय’लाही ‘प्रयत्न’ म्हणू नये. सुरुवातीच्या काळात प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याला स्वतःचे गुणच नव्हते. टेकवल्यामुळे गोलाच्या खांबांमधून किक मारून पाहण्याची संधी मिळे, म्हणून ते नाव. आज ती कृती म्हणजेच यश आहे. ‘सामोआचा प्रयत्न’ असे वाचले की मराठी वाचकाला तो फसलेला वाटतो. ‘टॅकल’साठी मात्र आपल्याकडे कबड्डीतला ‘पकड’ हा अस्सल शब्द तयार आहे आणि तो बेधडक वापरावा. एवढेच सांगून ठेवावे की इथे पकडलेला खेळाडू बाद होत नाही. तो उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सरकवतो आणि खेळ पुढे चालू राहतो. एका संघाला अशा सहा पकडी मिळतात. सहावी झाली की चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हवाली, म्हणून पाचवीनंतर बहुधा किक मारली जाते. ‘पाचव्या पकडीनंतर किक’ हे मराठीत सुरेख आणि अचूक बसते.

आता ‘टेस्ट’. रग्बी लीगमध्ये दोन देशांच्या पूर्ण ताकदीच्या राष्ट्रीय संघांमधला सामना म्हणजे टेस्ट. तो चाळीस-चाळीस मिनिटांच्या दोन सत्रांत, ऐंशी मिनिटांत संपतो. ‘कसोटी’ या शब्दाचा मूळ अर्थ, सोने घासून पाहण्याचा दगड, इथेही चपखल बसला असता, पण मराठीत हा शब्द क्रिकेटने इतका व्यापला आहे की वाचकाच्या डोळ्यासमोर पांढरे कपडे आणि पाच दिवसच येतात. त्यात ब्रिटन किंवा इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातल्या रग्बी लीग मालिकेलाही ‘ॲशेस’ म्हणतात. ‘ॲशेसची दुसरी कसोटी’ असे शीर्षक दिले तर दहापैकी दहा वाचक धावफलक शोधतील. म्हणून ‘आंतरराष्ट्रीय सामना’ म्हणावे आणि मालिकेच्या संदर्भात गरज पडली तर ‘टेस्ट’ हाच शब्द ठेवावा. १९८५–८८ आणि १९८९–९२ या दोन विश्वचषकांबद्दल लिहिताना ही गरज पडतेच. तेव्हा स्पर्धा एका जागी भरली नाही. देशोदेशींच्या दौऱ्यांतल्या ठरावीक टेस्ट सामन्यांचे गुण विश्वचषकासाठी धरले गेले आणि शेवटी एक अंतिम सामना झाला. तिथे ‘मालिकेतला तिसरा टेस्ट सामना विश्वचषकाच्या तक्त्यातही मोजला गेला’ असे उलगडून लिहावे.

नाव तसेच ठेवायचे, पण वाचकाला अर्थ कळायला हवा, यासाठी फ्रेंचांकडे पाहावे. ते युनियनला ‘पंधरांची रग्बी’ आणि लीगला ‘तेरांची रग्बी’ म्हणतात, ‘रग्बी आ त्रेझ’. या नावामागे वेदनाही आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, फ्रान्समधल्या, जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या विशी सरकारने तेरांच्या रग्बीवर बंदी घातली आणि तिची मालमत्ता जप्त केली. युद्धानंतर खेळ परत उभा राहिला, पण अधिकृत नावात ‘रग्बी’ शब्द वापरायची मुभा पुढची कित्येक दशके मिळाली नाही. त्याला नुसते ‘जु आ त्रेझ’, तेरांचा खेळ, म्हणावे लागले. १९५४चा पहिला विश्वचषक भरवणारे पॉल बारिएर हे याच खेळाच्या फ्रेंच संघटनेचे प्रमुख होते आणि विश्वचषकाला आज त्यांचेच नाव आहे. खेळाडूंची संख्या हा इतका नेमका आणि भाषांतराला सोपा फरक असताना आपण तो वापरायलाच हवा. पहिल्या उल्लेखात ‘रग्बी-लीग, म्हणजे तेरा खेळाडूंची रग्बी’ असे एकदा लिहिले की पुढे नुसते ‘रग्बी-लीग’ पुरते.

मधले संयोगचिन्ह मुद्दाम घातले आहे. ‘रग्बी लीग विश्वचषक’ सुटे लिहिले की डोळा ‘लीग विश्वचषक’ अशी जोडी लावतो आणि साखळीचा गैरसमज तिथेच जन्मतो. ‘रग्बी-लीग विश्वचषक’ लिहिले की ‘लीग’ कोणाची हे दिसते. लिंगाची अडचण नाही. हॉकी, कबड्डी यांच्या चालीवर रग्बी स्त्रीलिंगी आणि लीगही स्त्रीलिंगी, तेव्हा ‘रग्बी-लीग खेळली जाते’.

शेवटी व्हीलचेअरचा प्रकार, कारण तिथे ‘लीग’ गाळणे सगळ्यात महागात पडते. २०२१चा विश्वचषक कोविडच्या साथीमुळे २०२२ साली इंग्लंडमध्ये झाला. पुरुष, महिला आणि व्हीलचेअर या तिन्ही स्पर्धा तेव्हा एकत्र भरल्या, आणि व्हीलचेअरच्या अंतिम सामन्यात इंग्लंडने फ्रान्सला २८–२४ असे हरवले. हा खेळ ‘व्हीलचेअर रग्बी लीग’. पॅरालिम्पिकमध्ये असते ती ‘व्हीलचेअर रग्बी’ पूर्ण वेगळी: तिच्यात चौघे खेळतात आणि चेंडू गोल असतो. लीगच्या प्रकारात पाच जण, स्त्रिया आणि पुरुष एकाच संघात, अपंगत्व नसलेल्यांनाही खेळता येते आणि चेंडू लांबट. इथे ‘पकड’ शब्दही चालणार नाही. खांद्यापाशी लावलेली पट्टी प्रतिस्पर्ध्याने ओढून काढली की ती पकडीच्या जागी मोजतात, म्हणून वर्णनात ‘पट्टी काढली’ असेच लिहावे.