वॉकला, फिरायला की चालायला?

'सकाळी वॉकला जाते' म्हटलं की आजी 'फिरायला जाते म्हण' असं सांगते. मग 'चालायला जाते' हे चूक आहे का, असं एका मैत्रिणीने विचारलं आहे.

चूक अजिबात नाही, पण दोन्ही एक नव्हेत. फिरायला गेलेला माणूस सारसबागेत बाकावर गप्पा मारत बसला, तरी त्याचं फिरणं झालं. चालायला गेलेला असा बसला, तर घरी येऊन म्हणतो, 'आज चालणं काही झालं नाही.' पालखीबरोबर पुण्याहून सासवडला गेलेली बाई 'अख्खा दिवे घाट चालले' म्हणते. 'वारीत फिरले' म्हटलं, तर ती नुसती बघायला गेली होती असं वाटेल.

इंग्रजीतल्या 'वॉक'मध्ये हे दोन्ही अर्थ आहेत, शिवाय कुत्र्यालाही 'वॉक' करता येतं. आपण कुत्र्याला फिरवून आणतो आणि बाळाला बोट धरून चालवतो. किती नेमकी वाटणी आहे ही! क्रिकेटमध्ये बाद असल्याची खात्री असलेला फलंदाज पंचांच्या बोटाची वाट न पाहता निघतो, त्यालाही 'वॉक'च म्हणतात. विधानसभेतल्या 'वॉकआउट'ला मात्र आपल्याकडे 'सभात्याग' हा सुरेख शब्द रुळला आहे.

गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या मुळाशी लोळणं, घोळणं असा अर्थ होता. चालणं मागून आलं. ओलं लोकरीचं कापड पायांनी तुडवून घट्ट करणारा तो 'वॉकर', आणि त्या धंद्यावरून ते आडनाव पडलं.

आपलं 'चालणं' वेगळ्याच दिशेला पसरलं. दुकान चालतं, पंखा चालतो, कोर्टात खटला चालतो, गाण्याला चाल लागते, आणि चहात साखर कमी असली तरी 'चालेल'. दुकान-पंख्यासाठी इंग्रजीला 'रन' म्हणजे धावणं लागतं.

जेवणानंतरची ती शतपावली. त्याला वॉक म्हणू नये असं मला मनापासून वाटतं, कारण जेवण झालेलं आहे हेही त्या एका शब्दात येतं. बाकी वेताळ टेकडीच्या आसपास राहणारे 'टेकडीवर जाऊन येतो' एवढंच म्हणतात. तिथे चालायला की फिरायला, हे कुणी विचारत नाही. आजीला हेही चालेल.