लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नाही. घरातल्या ६० डिस्क प्रवासात बघण्यासाठी लॅपटॉपवर कशा घ्यायच्या?

साठेक डिस्क, नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही आणि मे महिन्यात आईबाबांना घेऊन ठाण्याहून कोकणात जायचंय, अशी तुमची अडचण आहे ना? मागच्या वर्षी अगदी हेच आमच्या नौपाड्यातल्या घरी झालं. आमच्या डिस्क चादरीच्या चेनवाल्या पिशवीत होत्या, एवढाच फरक.

आधीच सांगते, साठच्या साठ करायला बसू नका. मी बसले होते. तीन रविवार गेले आणि झाल्या अकरा. डिस्क उलटी करून बघा. खालची बाजू जांभळट दिसली तर ती कुणीतरी बर्न केलेली आहे, म्हणजे लग्न, मुंज, गॅदरिंग. स्वच्छ चंदेरी असेल तर ती कारखान्यात छापलेली, विकतची. जांभळट आधी घ्या. त्यांच्यातला मजकूर एका रंगद्रव्याच्या थरात असतो आणि ऊन, उकाडा, दमट हवेने तो थर खराब होत जातो. आपल्याकडचे पावसाळे तुम्हाला माहीतच आहेत. विकतचा सिनेमा पुन्हा कुठेतरी मिळेल, भाच्याची मुंज कुठून आणणार?

यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह घ्या. तो थेट लॅपटॉपलाच जोडा. स्वस्तातल्या यूएसबी हबवर (एका पोर्टचे चार करणारा डबा) वीज पुरत नाही आणि ड्राइव्ह नुसता टकटक करत बसतो. डिस्क पुसताना गोल गोल पुसू नका. मऊ सुती कापड मधून कडेकडे सरळ न्यायचं.

आता कॉपी. डिस्क उघडली की ‘व्हिडिओ टीएस’ नावाचं फोल्डर दिसेल. ते अख्खं उचलून लॅपटॉपवर ठेवा आणि व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरात ‘ओपन फोल्डर’ने उघडा. झालं. माझ्या नणदेने आतली एकच ‘व्हीओबी’ फाइल घेतली आणि वरात अर्ध्यात तुटली म्हणून फोटोवाल्याला बोल लावला. डीव्हीडीवर व्हिडिओचे साधारण १ जीबीचे तुकडे केलेले असतात, त्यामुळे सगळे तुकडे एकत्रच लागतात. फाइलींची नावंही बदलू नका.

साधी डिस्क ४.७ जीबीची, दुहेरी थराची ८.५ जीबीची. (विंडोज ४.७ ला ४.३७ दाखवतं. काही गहाळ झालेलं नाही, मोजायची रीत वेगळी.) दहाबारा डिस्क असतील तर कॉपी केलेली फोल्डरं तशीच राहू द्या. जागा कमी असेल तरच हँडब्रेक हे व्हिडिओ लहान करणारं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे. त्यात सर्वांत लांबीचं टायटल निवडा आणि तयार सेटिंगांपैकी ५७६ ओळींचं, २५ फ्रेमचं घ्या. आपल्याकडच्या लग्नामुंजीच्या बहुतेक डिस्क त्याच मापाच्या असतात. १०८० वगैरे निवडून चित्र सुधारत नाही, नुसती फाइल फुगते. नाचताना लोकांच्या हातांना कंगव्यासारखे दाते दिसले तर ‘डीकॉम्ब’ फिल्टर चालू करा. आमच्याकडे दोन तासांचं लग्न सव्वा जीबीत बसलं.

काही डिस्क लॅपटॉपला कोऱ्या दिसतात. त्या फेकू नका! घरच्या रेकॉर्डरवर किंवा डिस्कवाल्या कॅमेऱ्यावर घेतलेली डिस्क शेवटी ‘फायनलाइज’ करावी लागते. ते राहिलं की दुसऱ्या यंत्राला ती वाचता येत नाही. जुना रेकॉर्डर माळ्यावर असेल तर खाली काढा आणि त्यातच फायनलाइज करा. आमच्या तीन डिस्क अशाच निघाल्या, त्यातल्या दोन वाचल्या.

तुमच्या साठांत व्हीसीडीही निघतील, विशेषतः नाटकं. त्यात ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमध्ये ‘डॅट’ फाइल असते. ती कॉपी केली की व्हीएलसीत चालते. चित्र ३५२ बाय २८८ चं, म्हणजे धूसरच. नाटकाला चालतं, संवाद ऐकायचे असतात. फक्त व्हीसीडीच्या छापील बाजूवर ओरखडा असेल तर आशा सोडा, कारण मजकूर त्या छपाईच्या लगेच खाली असतो. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मधोमध दडलेला असतो, म्हणून ती जरा चिवट.

विकतच्या डीव्हीडींचं वेगळं आहे. बहुतेकींवर सीएसएस नावाचं कुलूप असतं, त्यामुळे नुसती कॉपी केलेली फाइल चित्राचा चुरा दाखवते. हँडब्रेक ते कुलूप काढत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणं गुन्हा आहे. स्वतःपुरत्या प्रतीचं काय, यावर वकील वाद घालोत. मी त्या भानगडीत पडले नाही. आवडत्या चार डिस्क आणि ड्राइव्ह पिशवीत टाकला, बाकीचे सिनेमे ॲपवर घरच्या वायफायने डाउनलोड करून घेतले. एक लक्षात ठेवा, ड्राइव्ह फिरत असला की लॅपटॉपची बॅटरी भराभर उतरते. विकतच्या डीव्हीडीला कुठल्या देशांत चालायची याचा क्रमांक असतो, त्याला रीजन म्हणतात. अमेरिकेहून कुणी आणलेल्या डिस्क असतील तर त्या रीजन १ च्या, आपला ५. ड्राइव्हचा रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो, मग तो कायमचा अडकतो. गंमत म्हणून बदलत बसू नका.

निघायच्या आदल्या रात्री वायफाय बंद करून प्रत्येक फाइल मधूनच कुठेतरी लावून बघा, सुरुवातीची दोन मिनिटं बघून भागत नाही. आमची एक मुंज बरोबर मातृभोजनाला गोठायची, आणि ते मला मांडवी एक्सप्रेसमध्ये कळलं, रत्नागिरीच्या अलीकडे करबुडे बोगद्यात. साडेसहा किलोमीटर अंधार, नेटवर्क शून्य आणि शेजारी आई विचारतेय, “पुढे काय झालं गं?”