‘लॉजिकल डोमेन’ म्हणजे ‘तार्किक अधिक्षेत्र’ का?

प्रश्न असा आला आहे: एका सर्व्हरच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करताना ‘लॉजिकल डोमेन’साठी, म्हणजे एकाच सर्व्हरच्या स्वतंत्र संगणकासारख्या चालणाऱ्या भागासाठी, ‘तार्किक अधिक्षेत्र’ हा शब्द सुचवला गेला. तो चालेल का? नाही तर दुसरा कोणता?

माझ्या मते चालणार नाही, आणि पहिली अडचण ‘तार्किक’चीच आहे. मराठीत युक्तिवाद तार्किक असतो, मांडणी तार्किक असते. यंत्राचा तुकडा तार्किक कसा असेल? संगणकवाले ‘लॉजिकल’ म्हणतात ते ‘फिजिकल’च्या विरुद्ध. हाताने वेगळं काढून दाखवता येत नाही, पण व्यवहारात वेगळं धरायचं, असा तो अर्थ. त्यासाठी आपल्याकडे चांगला रुळलेला शब्द आहे: मानीव. गृहनिर्माण सोसायट्यांच्या ‘मानीव अभिहस्तांतरणा’तला. बिल्डरने जागेचं हस्तांतरण करून दिलं नाही, तरी कायद्याने ते झालं असं मानायचं.

आता मूळ वस्तूच पाहू. सन कंपनीने १९९७ साली एंटरप्राइज १०००० हा सर्व्हर आणला. त्यात ६४ पर्यंत प्रोसेसर, वेगवेगळ्या सिस्टिम बोर्डांवर बसवलेले. या बोर्डांचे गट पाडून प्रत्येक गटावर सोलारिस, म्हणजे सनची ऑपरेटिंग सिस्टिम, स्वतंत्रपणे चालवता येई. त्या गटांनाही ‘डोमेन’च म्हणत, पण तिथे ‘लॉजिकल’ शब्द नव्हता, कारण वाटणी अख्ख्या बोर्डांची, डोळ्यांना दिसणारी होती. २००७ मध्ये त्याच कंपनीचे लॉजिकल डोमेन आले. जाणकारांच्या तोंडी ‘एलडॉम’. अल्ट्रास्पार्क टी१ या एका चिपमध्ये आठ कोर, म्हणजे आज्ञा पाळणारे आठ भाग, आणि प्रत्येक कोरमध्ये चार थ्रेड, म्हणजे कामाचे चार धागे. म्हणजे सोलारिसला ३२ प्रोसेसर दिसतात. फर्मवेअरमधला, म्हणजे यंत्रातच भरलेल्या सॉफ्टवेअरमधला, हायपरवायझर हा वाटणी सांभाळणारा प्रोग्रॅम त्यातले आठ या डोमेनच्या नावे लावतो, चार त्या डोमेनच्या. मेमरीही तशीच वाटून देतो. चिप मात्र अखंडच राहते.

महत्त्वाची गोष्ट ही की थ्रेड नेमून दिलेले असतात, आळीपाळीने वापरायचे नसतात. पाळीपाळीने प्रोसेसर देणारी व्यवस्था असती तर मी ‘पाळी’ किंवा ‘वाटा’ या शब्दांकडे वळलो असतो. इथे शब्द हवा ‘हिस्सा’. ‘डोमेन’चं मूळ लॅटिन ‘दोमिनियम’, म्हणजे मालकी. हिस्स्यात ती मालकी येते. ‘अधिक्षेत्र’ वाचलं की मनात हद्द आणि अधिकार उभा राहतो, वस्तू नाही. शिवाय जमिनीच्या वाटणीशी साम्य पुढेही जातं. वाटण्या झाल्यावर प्रत्येक भाऊ आपला हिस्सा स्वतंत्र कसतो, पण विहीर सामाईक राहते. एलडॉममध्येही एक डोमेन रीबूट केलं तर एरवी शेजारच्यांना झळ लागत नाही, मात्र डिस्क आणि नेटवर्क बहुधा एका सर्व्हिस डोमेनमार्फत, म्हणजे बाकीच्यांना सेवा पुरवणाऱ्या डोमेनमार्फत, मिळतात. ती त्यांची विहीर. ‘पोटहिस्सा’ या शब्दाचाही मला मोह झाला होता. पण पोटहिस्सा मोजून, हद्द ठरवून पडतो, म्हणून तो एंटरप्राइज १००००च्या बोर्डांना जास्त शोभेल.

आयबीएम याच कल्पनेला ‘लॉजिकल पार्टिशन’ म्हणते. ‘पार्टिशन’ला प्रतिशब्द शोधायची मला गरज वाटत नाही, कारण मराठीने तो केव्हाच आपला केला आहे, आणि क्रियापदांनी त्याचे अर्थही वेगळे ठेवले आहेत. हॉलला पार्टिशन टाकतात, तेव्हा पार्टिशन म्हणजे मधला आडोसा. डिस्कची पार्टिशनं पाडतात, तेव्हा पार्टिशन म्हणजे आडोशाच्या दोन्ही बाजूंचे भाग. सर्व्हरचं पार्टिशन दुसऱ्या जातीचं, म्हणून ‘पाडणे’च योग्य. ‘फाळणी’ मात्र कृपा करून वापरू नका. १९४७ नंतर त्या शब्दाला जी जखम चिकटली आहे ती इथे आणणं बरं नाही. आणि फाळणी मागे घेता येत नाही, तर इथे चालू डोमेनला चार थ्रेड वाढवता येतात, उद्या काढूनही घेता येतात.

तेव्हा पुस्तिकेत मी असं लिहीन: ‘या सर्व्हरचे चार मानीव हिस्से, म्हणजे लॉजिकल डोमेन, पाडले आहेत. प्रत्येक हिस्स्यावर आठ थ्रेड नेमले आहेत.’ पुढे सगळीकडे नुसतं ‘डोमेन’ ठेवावं, कारण आज्ञा देताना वाचकाला पडद्यावर तोच शब्द दिसणार आहे.