‘गाठ’, ‘अर्बुद’ आणि ‘कर्करोग’

अंबाजोगाईच्या एका विज्ञान शिक्षिकेची पृच्छा आहे की, ‘गाठ’, ‘अर्बुद’ आणि ‘कर्करोग’ हे शब्द एकाच अर्थाने वापरावेत काय, आणि जिथे गाठच नसते त्या रक्ताच्या रोगालाही कर्करोग का म्हणावे.

माझ्या मते हे तिन्ही शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवावेत. ‘गाठ’ हा हाताला लागणाऱ्या आकाराचा शब्द आहे. पायाला जखम झाल्यावर जांघेत येणारे अवधाण, मानेवरचे वर्षानुवर्षांचे आवाळू आणि स्तनातला कर्करोग या सर्वांना आपल्या मराठवाड्यात गाठच म्हणतात. ‘अर्बुद’ अधिक नेमका आहे. सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन गोल, स्थिर, मंद वेदनेचा, खोल मुळाचा, सावकाश वाढणारा आणि न पिकणारा मांसाचा उंचवटा असे येते, आणि ‘न पिकणारा’ या एका विशेषणाने तो गळवापासून वेगळा होतो.

‘कर्करोग’ हा शब्द मात्र पेशींच्या वर्तनावरून ठरतो. निरोगी पेशी बाहेरून संदेश मिळाल्यावर विभागते. गुणसूत्रांची नक्कल करण्यापूर्वी आणि दोन होण्यापूर्वी तिची तपासणी होते, आणि दोष आढळल्यास ‘पी ५३’ नावाचे प्रथिन विभाजन थांबवते, दुरुस्तीला वाव देते किंवा पेशीला मरणाकडे नेते. हे चक्र चालवणारे घटक शोधल्याबद्दल हार्टवेल, हंट आणि नर्स या शास्त्रज्ञांना २००१ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. वाढीला चालना देणारे जनुक सतत चालू राहिले, आवर घालणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या, असे दोष एकाच पेशीच्या वंशात साठत जातात. म्हणूनच हा रोग बहुधा उतारवयात दिसतो, आणि तंबाखू अशा दोषांत भर घालते. सुमारे निम्म्या कर्करोगांत ‘पी ५३’चे जनुकच बिघडलेले असते.

अशा पेशींचा पुंजका आपल्या मर्यादेत राहिला तर ते सौम्य अर्बुद. शेजारच्या ऊतींत घुसून रक्त किंवा लसीकेवाटे (ऊतींतून वाहणाऱ्या पातळ द्रवावाटे) दूर रुजू लागला तर दुर्दम अर्बुद, म्हणजेच कर्करोग. (‘दुर्दम’ हा मला परिभाषेतला फार चांगला शब्द वाटतो.) रक्ताच्या कर्करोगात बिघडलेल्या पेशी अस्थिमज्जेत निपजून रक्तात फिरतात, त्यामुळे बहुधा गाठ दिसत नाही, बिघाड मात्र नियंत्रणाचाच असतो, म्हणून तेथे ‘कर्करोग’ योग्य आणि ‘अर्बुद’ अयोग्य. ‘कर्क’ म्हणजे खेकडा, आणि मूळ ग्रीक शब्दात तो आला आकारावरून, पण आजचा अर्थ त्या आकाराला बांधलेला नाही.

‘कर्करोगाच्या पेशी वेगाने वाढतात’ हे वाक्यही वर्गात सुधारून घ्यावे, कारण आतड्याच्या अस्तरातल्या निरोगी पेशी कित्येक कर्करोगांच्या पेशींपेक्षा लवकर विभागतात. दोष न थांबण्यात आहे. तेव्हा ‘अनियंत्रितपणे’ म्हणावे.

हा आग्रह शब्दांपुरता नाही. ‘गाठ हाय, पण दुखत नाही’ हे वाक्य आपल्याकडे निर्धास्तपणे उच्चारले जाते, आणि सुरुवातीला कर्करोगाची गाठ पुष्कळदा दुखतच नाही. तोंडाचा कर्करोग तर अनेकदा न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा म्हणून सुरू होतो. गाठीचीच वाट पाहणारा माणूस तेवढे महिने गमावतो. म्हणून विद्यार्थ्यांना कर्करोगाची लक्षणे सांगताना ‘गाठ’ या शब्दाशेजारी ‘न भरणारी जखम’ हे शब्द अवश्य लिहावेत, आणि तुकडा तपासून अहवाल येईपर्यंत कोणत्याही गाठीला ‘गाठ’च म्हणावे.