वाचकांचे प्रश्न : काट्याची डीएलएल आणि जावाचा हट्ट

प्रश्न : सर नमस्कार. मोंढ्यात आमची आडत आहे. काट्यावरचं वजन थेट पट्टीत यावं म्हणून मीच जावा या प्रोग्रामिंग भाषेत छोटा प्रोग्राम लिहिलाय, काटेवाल्यानं सोबत सी भाषेतली एक डीएलएल फाइल (दुसऱ्या प्रोग्रामला वापरता येणाऱ्या तयार फंक्शनची विंडोज फाइल) दिलीय. आधी 'नो काटा इन जावा डॉट लायब्ररी डॉट पाथ' असा एरर यायलता, म्हणून फाइल क्लासपाथमधे टाकली, जारमधे (जावा प्रोग्रामच्या एकत्र बांधलेल्या फाइलीत) घालून बघितली, काहीच फरक नाही. मग जावा काढून नवी आवृत्ती २१ टाकली आणि डीएलएल सिस्टिम३२ मधे ठेवली, तर आता 'कान्ट लोड आयए ३२-बिट डीएलएल ऑन अ एएमडी ६४-बिट प्लॅटफॉर्म' म्हणायलंय. सोयाबीनची आवक सुरू झालीय अन् वजनं हातानं लिहायलोत. काय करावं?
— एक आडतदार, जालना

उत्तर : भाऊ, जावा परत परत टाकू नका, इन्स्टॉलमधे काही बिघडलेलं नाही. उलट दुसरा एरर आला म्हणजे तुम्ही पुढं सरकलात, आधी जावाला फाइल सापडतच नव्हती, आता सापडली पण उघडता येईना. क्लासपाथ फक्त जावाच्या क्लाससाठी असतो, डीएलएल कुठं शोधायची ते लायब्ररी पाथ ठरवतो, आणि जारच्या पोटातली डीएलएल विंडोज उचलत नाही, ती आधी बाहेर काढावी लागते.

आता बिटचं. एएमडी वाचून प्रोसेसरवर संशय घेऊ नका, इंटेलच्या मशिनवर पण हेच येतं. अर्थ एवढाच की तुमचा जावा ६४-बिट आहे आणि डीएलएल ३२-बिट, आणि ६४-बिट प्रोसेसमधे ३२-बिट डीएलएल लोड होत नाही म्हणजे नाहीच, कुठल्याही सेटिंगनं नाही. म्हणून पहिले काटेवाल्याला फोन करून ६४-बिट डीएलएल मागा, पैसे देऊन काटा घेतलाय, मागायला संकोच कशाला. नसलीच तर जावा ८ ची ३२-बिट आवृत्ती टाका आणि प्रोग्राम ८ साठीच कंपाइल करा. ही सोय कायमची धरू नका मात्र, विंडोजवरच्या ३२-बिट जावाला २१ मधे निरोपाची नोटीस लागली आणि २४ मधे तो काढूनच टाकला.

दोन जावा एकाच मशिनवर आले की खरा घोळ तिथं होतो. कमांड प्रॉम्प्टवर 'व्हेअर जावा' टाइप करा, जेवढे जावा पाथमधे (विंडोज प्रोग्राम जिथं शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) आहेत तेवढे दिसतील आणि नुसतं जावा म्हटलं की चालतो तो सगळ्यात वरचा. जावा होम हे विंडोजमधलं सेटिंग बदलून याच्यात फरक पडत नाही. मग 'जावा मायनस व्हर्जन' टाइप करून बघा, शेवटच्या ओळीत '६४-बिट' असेल तर तो चुकीचा आहे, सरळ ३२-बिट जावाचा पूर्ण पत्ता देऊन प्रोग्राम चालवा.

आणि सिस्टिम३२ मधली डीएलएल तिथून काढा. नावावरून वाटतं ३२-बिटची जागा, पण ६४-बिट विंडोजवर तिथं ६४-बिट फाइली असतात आणि ३२-बिट प्रोग्रामला विंडोज गुपचूप सिसवाव६४ या फोल्डरकडं वळवतं. म्हणजे जावा बरोबर टाकाल आणि फाइल परत 'सापडत नाही'! त्यापेक्षा प्रोग्रामच्या शेजारी वेगळं फोल्डर करा आणि चालवताना जावा डॉट लायब्ररी डॉट पाथमधे त्याचा पत्ता द्या.

इतकं झालं की डीएलएल लोड होईल, पण फंक्शन बोलावताना अनसॅटिस्फाइड लिंक एरर (वरचे दोन्ही एरर याच जातीचे) परत येऊ शकतो, यावेळी मेथडच्या नावासकट. कारण जेएनआयला, म्हणजे जावातून सी चा कोड बोलावण्याच्या जावाच्याच सोयीला, सी मधल्या फंक्शनचं नाव 'जावा' नं सुरू होणारं, मधे पॅकेज, क्लास आणि मेथड असलेलं लागतं, आणि काटेवाल्यानं साधं सी लिहिलं असणार. त्यासाठी मधे स्वतः सी मधे रॅपर (दोघांना जोडणारा मधला कोड) लिहिण्यापेक्षा जेएनए ही जावाची तयार लायब्ररी वापरा, फंक्शनची नावं जावाच्या इंटरफेसमधे लिहिली की काम होतं.

प्रश्न : कॉलेजच्या नोट्समधे जेएनआयला लागणारी सी ची हेडर फाइल (फंक्शनच्या नावांची यादी) बनवायला जावाएच कमांड दिलीय, माझ्याकडं ती सापडतच नाही.
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : ताई, जावाएच जेडीके (जावाचा प्रोग्राम लिहिण्याचा संच) १० पासून काढून टाकलंय, नोट्स जुन्या आहेत. आता जावासी या जावाच्या कंपायलरलाच मायनस एच देऊन पुढं फोल्डरचं नाव लिहा, कंपाइल होता होता हेडर तयार होतं. पुढं जीसीसी हा सी चा कंपायलर 'जेएनआय एमडी' हेडर मिळेना म्हणालं, तर जेडीकेच्या इन्क्लूड फोल्डरसोबत त्याच्या आतलं विन३२ फोल्डर पण द्या, ६४-बिट विंडोज असलं तरी त्याचं नाव विन३२ च आहे.