आहार-शंका : टक्के नकोत, ग्रॅम भरा

प्रश्न : वय 38, उंची 158 सेंमी, वजन 68 किलो. पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. ऐरोलीत बैठी नोकरी, संध्याकाळी अर्धा तास चालते. आठवड्याला एक किलो कमी करायचं असं ॲपमध्ये भरलं, तर 1200 कॅलरी आल्या : कार्ब्स 50, प्रोटीन 20, फॅट 30 टक्के. पाच वाजले की भुकेने जीव जातो. काय बदलू? – एक वाचक, घणसोली

उत्तर : आधी वेग. आठवड्याला किलोचा हट्ट धरला की बरीच ॲप्स बायकांना थेट 1200 वर नेऊन बसवतात. नुसतं पडून राहिलं तरी शरीर दिवसाला किती कॅलरी जाळतं, याचा मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राने हिशोब करा : 10 गुणिले वजन, अधिक 6.25 गुणिले उंची, वजा 5 गुणिले वय, वजा 161 (पुरुषांनी 161 वजा न करता 5 मिळवायचे). तुमचे आले साधारण 1315. हलक्या हालचालीसाठी 1.375 ने गुणलं की दिवसाचा एकूण खर्च 1810. त्यातून 360 काढा, 1450 ठेवा. यात तुमचं चालणं धरलेलं आहे. घड्याळ ॲपला जोडलं असेल तर ‘व्यायामाच्या कॅलरी परत मिळवा’ ही सोय बंद करा, नाहीतर तेच चालणं दोनदा मोजलं जातं.

आता ग्रॅम. टक्क्यांची खोड अशी, की कॅलरी उतरल्या की प्रोटीनही उतरतं. 1200 चे 20 टक्के म्हणजे जेमतेम 60 ग्रॅम. आयसीएमआर-एनआयएनची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि तिची राष्ट्रीय पोषण संस्था) वजनाच्या किलोमागे 0.83 ग्रॅमची शिफारस निरोगी माणसाच्या रोजच्या गरजेसाठी आहे. वजन उतरवताना स्नायू टिकवायचे तर 1.2 च्या आसपास धरा. म्हणून प्रोटीन 80 ग्रॅम (320 कॅलरी), फॅट 45 (405), आणि उरेल ते कार्ब्स, सुमारे 180. क्रम हाच. ॲप टक्केच मागत असेल तर प्रोटीन 22, फॅट 28, कार्ब्स 50 भरा.

शाकाहारात 80 गाठताना अडचण प्रोटीनपेक्षा फॅटचीच जास्त येते. कोरडे सोया चंक्स 40 ग्रॅम (प्रोटीन 20), पनीर 80 (15), टोन्ड दूध आणि त्याचंच दही मिळून 450 (14), कच्ची डाळ-कडधान्यं 80 (18), पीठ 100 (10) : झाले 77. पण एवढ्यातच फॅट 35 च्या घरात जातं. म्हणजे दिवसभराच्या फोडणीला तुमच्या वाट्याचं तेल दोन लहान चमचे, आणि दाण्याचं कूट घातलंत तर तेही नाही. पनीर निम्मं करून चंक्स वाढवले तर थोडी मोकळीक मिळते.

नोंदीत सगळ्यात जास्त घोळ वरणाचा. ॲपमधली ‘एक वाटी डाळ’ कोणाच्या घरची, किती पातळ, देव जाणे. कच्ची डाळ तोला, समजा 150 ग्रॅम. शिजलेलं सगळं वरण भरलं 900. तुम्ही 200 घेतलंत तर तुमची कच्ची डाळ 33 ग्रॅम, प्रोटीन 7. तेलासाठी बाटली काट्यावर ठेवून शून्य करा, फोडणी घाला, बाटली परत ठेवा. उणे दिसेल तेवढं तेल गेलं. माणसांवर भागा. इतरांनी भरलेल्या नोंदी घेताना प्रोटीन आणि कार्ब्स गुणिले 4, फॅट गुणिले 9, यांची बेरीज कॅलरीशी जुळते का पाहा. फायबरमुळे थोडा फरक पडतो. पन्नासेकचा फरक दिसला तर ती नोंद सोडा.

वजन रोज सकाळी घ्या, पण आठवड्याची सरासरी बघा. पाळीच्या आधी अंगात पाणी साठतं, म्हणून तुलना गेल्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करा. तरीही हललं नाही तर 100 कॅलरी कमी करा, तेही कार्ब्समधून.

प्रश्न : रविवारी मामलेदार कचेरीजवळ मिसळ होतेच. ती कशी नोंदवू? – एक वाचक, ठाणे

उत्तर : तुकडे पाडून. दोन पाव 200 कॅलरी, मूठभर फरसाण (30 ग्रॅम) 165, उसळ 120, तर्रीवरचं दोन चमचे तेल 80. एकूण 565, फॅट 25 ग्रॅम धरा. जादा तर्री मागितलीत तर तेवढंच तेल पुन्हा लिहा. त्यासाठी सोमवारी उपास नको.

प्रश्न : बाबांना मधुमेह आहे. माझेच आकडे त्यांच्या ॲपमध्ये भरू का? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : नको. ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असताना कार्ब्स एकदम कमी केले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डोस आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. प्रोटीन वाढवण्यापूर्वी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (किडनीच्या तपासण्या) तपासा. किडनीवर परिणाम झालेला असेल तर प्रोटीनचा आकडा त्यांचे डॉक्टर ठरवतील.